शाळेतलं शूटिंग आणि झाकून ठेवलेला टीव्ही

खडू_डस्टर
मंडळी, मी तासगाव तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. पहिली ते चौथी, पट २३. मागच्या शालेय वर्षात एका वाहिनीची माणसं ग्रामीण शिक्षणावर माहितीपट करायला आमच्याकडे येऊन गेली. वाहिनीचं नाव सांगणार नाही, विचारू नका.

सकाळी साडेनऊला गाडी आली, दुपारी तीनला गेली. आमच्या वर्गात स्मार्ट टीव्ही आहे. गावानं लोकवर्गणीतून घेतलाय, त्या वर्षी बेदाण्याला दर बरा लागला होता म्हणून. दिग्दर्शक मॅडम वर्गात शिरल्या शिरल्या म्हणाल्या, "सर, हा जरा झाकता येईल का? फ्रेममध्ये वेगळाच वाटतोय." झाकायला हाताशी काही नव्हतं. आमच्या बाईंनी पोषण आहाराच्या तांदळाचं रिकामं पोतं आणून टाकलं. तर ते पोतं त्यांना इतकं आवडलं की पोत्याचाच क्लोजअप घेतला.

मग पाढे तीनदा म्हणवून घेतले, कारण बाहेरून ट्रॅक्टर जात होता. दुसरीतल्या एकाला विचारलं, "मोठेपणी कोण होणार?" तो म्हणाला, "जेसीबीवाला." सगळे हसले. "नाही बाळा, डॉक्टर, पोलीस असं काहीतरी सांग." त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आता त्याची लाज वाटते. तो म्हणाला, "पोलीस."

माहितीपट लागला तेव्हा गावानं त्याच टीव्हीवर बघितला. त्यात मी म्हणजे "दुर्गम भागात एकाकी झुंज देणारे मास्तर". शाळा डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटरवर आहे आणि मी एकाकीही नाही. पहिली-दुसरी आमच्या बाई शिकवतात, पोरं वाचायला लागतात ती त्यांच्यामुळे. बाई त्यात दोन सेकंद दिसतात, खिचडी वाढताना. माझ्या मेव्हण्यानं फोन करून विचारलं, "त्या स्वयंपाकाच्या मावशी का?"

तर प्रश्न असा: टीव्हीवाल्यांना शिक्षक दोनच प्रकारचे का दिसतात? एक देवमाणूस, नाहीतर एक कामचुकार. आणि पोरं एक तर बिचारी, नाहीतर चमत्कार. तुमच्याकडे काय अनुभव?

भडंगप्रेमी
पोत्याला मानधन दिलं का?

चाफळची_सून
अगंबाई, जेसीबीवाला! आमच्या पाटणकडं दरडी कोसळल्या तेव्हा गावात पहिला देव आला तो जेसीबीवालाच. त्या लेकराला सांगा, काकू म्हणतात अगदी बरोबर बोललास.

लीड्सचा_कराडकर
सर, मी इंग्लंडात यॉर्कशरमध्ये राहतो. आमच्या जवळच ड्यूजबरी म्हणून गाव आहे. तिथल्या एका माध्यमिक शाळेवर २०१३ साली चॅनेल फोरनं 'एज्युकेटिंग यॉर्कशर' ही मालिका केली होती. पद्धत बघा. कॅमेरामन वर्गात नाहीतच. भिंतींवर, जिन्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीत साठाच्या वर कॅमेरे बसवून ठेवले आणि काही आठवडे शूटिंग चालू ठेवलं. पहिले काही दिवस पोरं कॅमेऱ्याकडे बघून वेडेवाकडे चाळे करतात, मग कंटाळून विसरतात.

शेवटच्या भागात एक तोतरा मुलगा आहे. तोंडी परीक्षा आलेली, आणि तोंडातून शब्द फुटत नाही. इंग्रजीचे सर त्याला सांगतात, कानाला हेडफोन लाव, गाणं चालू ठेव आणि वाच. आणि तो वाचायला लागतो. मी बायकोसमोर रडलो, तिला वाटलं साताऱ्याहून काही फोन आला.

तिथंही देवमाणूस होताच म्हणा. पण त्याच मालिकेत तेच शिक्षक वैतागतात, थट्टा करतात, चुकतात, हेही दाखवलंय. साडेपाच तासांत काय दिसणार?

जागरूक_पालक_मिरज
सगळे शिक्षकांच्या बाजूनं बोलायला लागलेत म्हणून लिहितो. कामचुकार शिक्षक टीव्हीवर दाखवतात कारण ते असतात. माझा मुलगा ज्या शाळेत होता (नाव नको) तिथं एक गुरुजी शनिवारी कधी दिसलेच नाहीत. तक्रार केली तर माझ्याच मुलाला मागच्या बाकावर बसवलं. मला विचाराल तर प्रत्येक वर्गात यॉर्कशरसारखे कॅमेरे लावा, आणि बघा कसे सुधारतात.

खडू_डस्टर
@जागरूक_पालक, तुमचा राग रास्त आहे. असे आहेत, मीही बघितलेत. पण एवढं सांगा, तुमच्या मुलाच्या वर्गात कॅमेरा असता तर तो मागच्या बाकावर का बसलाय हे कॅमेऱ्यात दिसलं असतं का?

जागरूक_पालक_मिरज
नसतं. मान्य. पण शनिवार दिसला असता.

भडंगप्रेमी
हा मुद्दा पालकांना. सर शून्य, पोतं एक.

माणदेशी_माणूस
शिक्षक शनिवारी कुठं असतो ते कोण दाखवत न्हाई. मतदारयादीचं काम, आधार जोडणी, यू-डायसची म्हंजी सरकारी शाळा-नोंदीची माहिती, पोषण आहाराचा हिशोब, तांदूळ किती शिल्लक, हरभरा किती. आमच्या बंधूराजांनी एकदा पट ६१ चा आणि संच मान्यतेत (पटावरनं शिक्षकांच्या जागा ठरवत्यात ती) ५९ दिसतोय म्हणून तालुक्याला सात खेपा घातल्या. पट साठाच्या वर दिसला न्हाई की तिसरी जागा धरता येत न्हाई. ह्याच्यावर काढा की पिच्चर. पण काढणार न्हाईत, कारण रडायला येत न्हाई, नुसता ताप येतो.

शिवसागर
मी जावळीचा. जरा वेगळं लिहितो, रागावू नका.

कोयनेच्या पाण्यापलीकडं खिरखंडी म्हणून वाडी आहे. तिथल्या पोरी स्वतः होडी वल्हवत शिवसागर ओलांडायच्या आणि पुढं जंगलातून चालत अंधारीला शाळेला जायच्या. हे आम्हाला वर्षानुवर्षं माहीत होतं. आम्हाला त्यात बातमीसारखं काही वाटलंच नाही, कारण धरण झाल्यापासून आमच्याकडं होडी म्हणजे एसटी. मग ते बातम्यांत आलं आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन सरकारला विचारलं.

त्या बातम्यांतही पोरी 'बिचाऱ्या'च होत्या. संथ संगीत, धुकं, वल्ह्याचा आवाज. खरं तर पोरी होडीत भांडतात, अंताक्षरी खेळतात, एकमेकींचा गृहपाठ उतरवतात. ते कुणी घेतलं नाही. पण अंताक्षरी दाखवली असती तर कोर्टानं दखल घेतली असती का? मला खरंच ठरवता येत नाही. बिचारं दाखवलं म्हणून काम होतं, आणि बिचारं दाखवलं की माणूस तेवढाच उरतो.

वाईकर_आजोबा
शिवसागर, फार नेमकं लिहिलंत.

फोकस_पुलर
या धंद्यात पंधरा वर्षं आहे. मूळचा विट्याचा, आता पुण्यात. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

खडू_डस्टर सर, टीव्ही झाकायला सांगितला त्याचं एक कारण तांत्रिकही असू शकतं. वर्गात एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला काळा चकचकीत पडदा. त्यात कॅमेरा, लाइट, बूम (लांब काठीवरचा माइक) धरलेला पोऱ्या, सगळं दिसतं. मीही झाकायला सांगितलं असतं. पण पोत्याचा क्लोजअप घेतला नसता. तो गुन्हाच.

आता बाकीचं. एका दिवसाचं भाडं धरा: कॅमेरा, लेन्स, ध्वनीवाला, गाडी, चौघांचं जेवण. वाहिनी त्या भागाला जे पैसे देते त्यात दीड दिवस बसतो. दीड दिवसात शाळा समजत नाही, म्हणून आपण गोष्ट घरूनच घेऊन निघतो. मुंबईत बसून कागदावर लिहिलेलं असतं: 'गळकं छप्पर, एकटा शिक्षक, हुशार मुलगी.' गावात गेल्यावर फक्त त्या तीन गोष्टी शोधायच्या. छप्पर गळत नसेल तर पावसाळ्यातलं जुनं फुटेज असतंच.

लहान मुलं सरळ लेन्समध्ये बघतात. त्यांना विसर पडायला दोन दिवस लागतात, म्हणजे आम्ही निघून गेल्यावर. त्यामुळे मग "बाळांनो, इकडं बघू नका, फळ्याकडं बघा" असं होतं. टीव्हीवर पोरं इतकी एकाग्र दिसतात त्याचं रहस्य हे आहे, शिक्षकाचं कौशल्य नाही. 🙂

आणि एक कबुली. २०१४ च्या सुमारास जतकडच्या एका शाळेत मी एका पोराला चपला काढून चालायला सांगितलं होतं. दिग्दर्शकानं मला सांगितलं, मी त्याला सांगितलं. फुफाटा तापलेला होता. त्यानं काढल्या, चालला, आणि शॉट झाल्यावर चपला हातात घेऊन माझ्याकडं आला आणि म्हणाला, "काका, आता घालू का?" तो आवाज माझ्या टेपवर होता. कापला.

सांगलीची_सई
☹️

भडंगप्रेमी
आता जोक सुचत नाहीये.

दीपस्तंभ_सातारा
अवांतर, पण जवळचं. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचा साताऱ्याच्या शाळेत प्रवेश झाला. आताचं प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून राज्यात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. दरवर्षी त्या दिवशी वाहिन्या येतात, रजिस्टरचं ते पान, 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव, १९१४ हा क्रमांक, बालवयातली सही, हे सगळं दाखवतात. ते दाखवायलाच हवं. पण विद्यार्थी दिवस आहे ना? मग आज साताऱ्यात शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यापुढे माइक धरलेला मी तरी बघितला नाही. अजून कुणी बघितला असेल तर सांगा, आनंदच होईल.

रयतचा_माजी
कर्मवीर अण्णांचंही तसंच. १९१९ मध्ये काल्याला संस्था स्थापन झाली, १९२४ ला साताऱ्यात आली, बोर्डिंग, कमवा आणि शिका, सगळं सांगतात. मग एका वाक्यात 'पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं' आणि पुढं. अरे, त्या बोर्डिंगातल्या पोरांना रोज दोन वेळा खाऊ कोण घालत होतं? एका वाक्यात आवरलं. खडू_डस्टर सरांच्या बाईंना निदान दोन सेकंद तरी मिळाले.

खडू_डस्टर
बाईंना हा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाल्या, "माझी बरोबरी लक्ष्मीबाईंशी नका करू, आधी माझा शालार्थचा (शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली) पगार वेळेवर काढा."

गुरुजी_नव्हे_सर
मला एका शब्दाचा राग आहे. 'मास्तर'. साताऱ्यात पोरं 'सर' म्हणतात, जुनी माणसं 'गुरुजी' म्हणतात, शिक्षिका 'बाई' नाहीतर आता 'मॅडम'. 'मास्तर' आमच्याकडं शिवणाऱ्याला म्हणतात, किंवा पोस्टातल्याला. माहितीपटातला निवेदक मात्र शपथ घेतल्यासारखा 'मास्तर' म्हणतो. त्या एका शब्दावरून कळतं की लिहिणारा शाळेत शेवटचा कधी गेला होता.

वाईकर_आजोबा
गुरुजी_नव्हे_सर, आमच्या लहानपणी वाईत मास्तरच म्हणत. मास्तर आले की आम्ही पळत असू. तुम्ही वयानं लहान दिसता.

गुरुजी_नव्हे_सर
आजोबा, नमस्कार. माझी बाजू पडली.

कृष्णाकाठ
टीव्हीवरची शाळा म्हटलं की मला बालचित्रवाणी आठवते. दूरदर्शनवर दुपारी लागायची. वर्गात पडदे ओढून एकच पोर्टेबल टीव्ही, सत्तर पोरं, आणि अँटेना धरून छपरावर शिपाईमामा. "आलं का?" "न्हाई!" "आता?" "आलं आलं, हलू नका!" निम्मा पाठ मामा हलले नाहीत याच आनंदात संपायचा.

सांगलीची_सई
आणि बंद पडली ती पण २०१७ ला. शाळेतल्या मुलांसाठी केलेलं काहीतरी होतं ते.

परळीखोऱ्यातला_शिक्षक
मूळ प्रश्नावर येतो. आमच्या सातारा तालुक्यात कुमठे बीट (शाळांचा एक गट) आहे. ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मुलानं स्वतः करून शिकायचं, काम तिथं सुरू झालं, आणि साधारण २०१२ नंतरच्या काळात सगळ्या महाराष्ट्रातून शिक्षकांच्या गाड्याच्या गाड्या तिथं बघायला यायच्या. कॅमेरेही आले. कॅमेऱ्यानं काय पकडलं? फरशीवर रंगवलेल्या चौकटी, अंक, अक्षरं, बाहुल्या. झकास दिसायच्या.

मग काय, जिकडंतिकडं फरश्या रंगल्या. मी स्वतः एका सुट्टीत तीन डबे ऑइलपेंट संपवलाय. पण तिथली खरी गोष्ट फरशीत नव्हती. मूल चुकल्यावर बाई गप्प बसायच्या, त्यात होती. मूल सहा आणि पाच तेरा म्हणतं, बाई काही बोलत नाहीत, मूल खडे परत मोजतं, अकरा म्हणतं, आणि बाई विचारतात, "आधी तेरा कसे आले होते?" हे चाळीस सेकंदाचं मौन आहे. टीव्हीवर चाळीस सेकंद मौन ठेवलं तर लोक समजतात केबल गेली.

फोकस_पुलर
अगदी. आमचा संकलक तीन सेकंदांवर मौन टिकू देत नाही.

लीड्सचा_कराडकर
ज्यांना ते मौन बघायचंय त्यांनी 'एत्र ए आव्हार' बघा, २००२ चा फ्रेंच माहितीपट. ओव्हेर्न्य भागातली एकवर्गी शाळा, एकच शिक्षक, चार वर्षांच्या पोरापासून दहा-अकरापर्यंत सगळी एकत्र. म्हणजे आपलीच वस्तीशाळा, फक्त बाहेर बर्फ आणि गाई. एक पोरगं आकडे मोजताना हात रंगवून बसतं आणि ते शिक्षक त्याला घाई करत नाहीत.

पण पुढचं ऐका. सिनेमा फ्रान्समध्ये तुफान चालला. मग त्या शिक्षकांनी नफ्यातला वाटा मागत निर्मात्यांवर दावा लावला. म्हणणं असं की चाललंय ते माझ्या शिकवण्यामुळे. कोर्टानं फेटाळलं. तेव्हा तिकडं बरेच जण म्हणाले, अरेरे, देवमाणूस पैसे मागतो?

जागरूक_पालक_मिरज
का मागू नयेत? मी शिक्षकांच्या बाजूनं बोलतोय याची नोंद घ्यावी.

भडंगप्रेमी
नोंद घेतली. तारीख-वेळेसह.

उसाच्या_फडातून
पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. नेहमी वाचत असतो.

मी टीव्हीवर आलेलो आहे. तिसरीत होतो. आईवडील बीडकडून वाळवा तालुक्यात ऊसतोडीला यायचे, मी इथल्या शाळेत बसायचो, हंगाम संपला की परत. एक दिवस कॅमेरा आला. मला पुस्तक दिलं आणि कोपीपुढं, म्हणजे आमच्या झोपडीपुढं, बसवलं. मग म्हणाले, कोयता हातात घे. मी कधी कोयता धरला नव्हता, आई हात लावू द्यायची नाही. मग म्हणाले, आईची आठवण येते का? आई दहा फुटांवर वाढं बांधत होती. मी म्हणालो, न्हाई, ती काय तिथं हाय. ते परत म्हणाले, येते असं म्हण.

त्या दिवशी मी एक धडा न अडखळता वाचला होता. पहिल्यांदाच. बाईंनी पाठीवर थाप मारली होती. ते वाचलेलं त्यांनी घेतलं नाही, कारण तेवढ्यात बॅटरी बदलत होते.

आता मी एका साखर कारखान्यात लॅब केमिस्ट आहे. कोयत्याचा तो फोटो अजून फिरतो. दर हंगामात कोणीतरी पाठवतं, 'बालमजुरी थांबवा' म्हणून. मी पण पुढं पाठवतो कधीकधी. बालमजुरी थांबायला हवीच.

चाफळची_सून
बाळा, कोणता धडा होता?

उसाच्या_फडातून
नाव आठवत नाही काकू. त्यात एक मांजर होतं.

फोकस_पुलर
दादा, तो कॅमेरा माझा नव्हता एवढंच म्हणू शकतो. माझाही असू शकला असता.

नीरक्षीर
भावना बाजूला ठेवून एक मुद्दा. आपण सगळे 'खरं दाखवा' म्हणतोय, पण टीव्हीला स्पर्धा लागते. बीबीसीनं २०१५ मध्ये इंग्लंडातल्या एका शाळेत पाच चिनी शिक्षक आणून पन्नास मुलांना चार आठवडे चिनी पद्धतीनं शिकवलं, शेवटी परीक्षा. चिनी गट पुढे आला. सगळीकडे मथळे, चीन जिंकला. जास्तीचे तास, नवी उत्सुकता, कॅमेरा, यांचा वाटा किती ते कोणी मोजलं? शाळेला कुस्तीचा फड केलं की निकाल लागतो, शिक्षण कळत नाही.

माणदेशी_माणूस
कुस्तीला नावं ठेवू नगा. सांगलीत बसून बोलताय.

नीरक्षीर
माफी. शब्द मागे. 🙏

वाईकर_आजोबा
इंग्लंडातच दुसरं उदाहरण आहे. १९६४ साली सात वर्षांची चौदा मुलं घेऊन एक कार्यक्रम केला, आणि मग दर सात वर्षांनी त्याच माणसांकडे परत जात राहिले, थेट २०१९ पर्यंत. पहिल्या भागात पोरांना चौकटीत बसवलं होतं, हा श्रीमंत, हा गरीब, याचं असंच होणार. पुढं माणसंच चौकट मोडत गेली. कुणी प्राध्यापक झाला, कुणाला काही वर्षं घरच उरलं नाही आणि मग तो परत सावरला.

तेव्हा खडू_डस्टर, शूटिंगला आलेल्यांना एकच विचारत जा: परत कधी येणार?

रयतचा_माजी
+१. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा) सगळ्यांना, धागा वाचनखूण केला.

खडू_डस्टर
आजोबा, योगायोग बघा. काल त्याच मॅडमचा फोन आला. माहितीपटाला प्रतिसाद चांगला आहे, दिवाळीनंतर पुढचा भाग करायचाय, 'एका वर्षानंतर' असं काहीतरी.

मी म्हटलं, या. पण तीन गोष्टी. टीव्ही जागेवरून हलणार नाही आणि झाकला जाणार नाही, हवं तर तुम्ही काळं कापड आणा, माझं पोतं देणार नाही. पहिली-दुसरीच्या वर्गात आधी बसायचं, माझ्या वर्गात नंतर. आणि तो दुसरीतला, आता तिसरीत गेलेला, त्याला परत तोच प्रश्न विचारायचा आणि तो जे म्हणेल ते ठेवायचं.

त्या म्हणाल्या, "सर, बघते, चॅनेलशी बोलते."

फोकस_पुलर
'बघते' म्हणजे नाही. आमच्यात तसंच असतं. पण मी दोन दिवस सुट्टी काढून येऊ शकतो, माझा स्वतःचा छोटा कॅमेरा आहे. पैसे नकोत. मुक्कामाची सोय झाली तर पहिले दोन दिवस काही शूट करणार नाही, नुसता मागं बसेन.

खडू_डस्टर
समाजमंदिरात सोय होईल. बाईंना विचारून सांगतो, त्यांची संमती आधी. पालकांचीही घ्यावी लागेल, बैठक अमावस्येनंतर ठेवतो.

चाफळची_सून
आणि त्या लेकराला विचारलं का, जेसीबी अजून तसंच आहे?

खडू_डस्टर
विचारलं. आता रोड रोलर.